गुण सारखे, तरी हरली

आमच्या बचत गटाची बैठक संपली की बायका भराभर निघतात. कुणाचा कुकर लावायचा असतो, कुणाचं पाणी यायची वेळ झालेली असते. पण एखादी मागे रेंगाळते, सतरंजीची घडी घालायला मदत करते. एवढ्या वर्षांच्या अनुभवानं मी एक शिकलेय. सतरंजीचं दुसरं टोक जी धरते, तिला काहीतरी बोलायचं असतं.

गेल्या हिवाळ्यात अशीच एक थांबली. नवरा यंत्रमागावर, ही घरी शिलाईचं काम करते. दोन मुलं, थोरली मुलगी दहावीत. सतरंजीची दुसरी घडी पडेपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "वहिनी, आमच्या पोरीला जरा समजावून सांगा की. तुमचं ऐकती ती."

"काय समजावू?"

"कुस्ती बास झाली म्हणून."

मी चकितच झाले. ही मुलगी तीन वर्षं कुस्ती खेळते हे सगळ्या माधवनगरला माहीत. पहाटे पाचला सायकलवरून सरावाला जाते. शाळेच्या स्पर्धेत तालुक्याला पहिली आली, तेव्हा हिनंच घरोघर पेढे वाटले होते. ती पुढे सांगायला लागली. मुलगी जिल्ह्याला हरली. घरी आल्यापासून मुलीचे वडील म्हणतायत, झालं तेवढं पुरे, आता दहावीचं बघू दे. आजी म्हणतेय, कान मोडायच्या आत थांबव, उद्या स्थळं बघायची आहेत.

"हरली म्हणजे किती गुणांनी?" मी विचारलं.

"तेच तर कळंना झालंय वहिनी. चार-चार गुण झाले म्हणं. दोघींचे सारखेच. तरी आमची हरली. सारखे गुण म्हणजे बरोबरी न्हवं का?"

बरोबरी नव्हे. हे मला माहीत होतं, आणि ते कसं माहीत होतं ते आधी सांगते.

सांगली जिल्ह्यात वाढलेल्या बाईला कुस्तीतलं काही कळत नाही असं होत नाही. आणि कुस्ती तिनं डोळ्यांनी बघितलीय असंही फारसं होत नाही. मी लहान असताना जत्रेतल्या कुस्त्यांचं मैदान म्हणजे पुरुषांचं काम. आम्ही घरी पुरणपोळ्या लाटायच्या आणि लांबून हलगी ऐकायची. हलगीचा ठेका वाढला की आई म्हणायची, "लागली वाटतं मोठी जोड." तेवढंच. तालमीत मारुतीरायाची मूर्ती, त्यामुळं बाईमाणसानं उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. पण घरातल्या गप्पा मात्र सगळ्या कुस्तीच्या. हिंदकेसरी मारुती माने आमच्यापासून जवळच्याच कवठेपिरानचे. १९६२ च्या जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक आणलं. ते माझ्या जन्माच्या बऱ्याच आधी घडलं, पण माझे आजोबा ते काल घडल्यासारखं सांगायचे. ढाक, कलाजंग, घिस्सा ही नावं मला पाढ्यांबरोबरच पाठ झाली. कशाला काय म्हणतात हे मात्र माझ्या बी. ए. च्या पदवीलाही कळलं नव्हतं.

प्रत्यक्ष कुस्ती पहिल्यांदा बघितली ती चाळिशी ओलांडल्यावर, मार्च २०२३ मध्ये. पाडव्याचं श्रीखंड अजून फ्रीजमध्ये होतं आणि सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली. पुरुषांची महाराष्ट्र केसरी सुरू झाली १९६१ मध्ये. म्हणजे बायकांच्या गदेला बासष्ट वर्षं लागली. बायकांची जागतिक स्पर्धा १९८७ पासून होते, ऑलिम्पिकमध्ये बायकांची कुस्ती २००४ मध्ये आली, आणि कुस्तीचं माहेर म्हणवणाऱ्या आपल्या महाराष्ट्रात २०२३. (पुढं संघटनांच्या वादात आणखी एक स्पर्धा कोल्हापुरात झाली. त्या भांडणात मी पडत नाही. त्यापेक्षा आमच्या गटातली कर्जवसुलीची भांडणं परवडली.)

गटातल्या सात-आठ जणी मिळून आम्ही अंतिम लढत बघायला गेलो. आमच्या शेजारी फेटा बांधलेले एक आजोबा बसले होते. आम्ही बायका कुठं टाळ्या वाजवाव्यात हेच आम्हाला कळत नव्हतं, ते त्यांनी ओळखलं असावं. न विचारताच शिकवायला लागले. दोन फेऱ्या, तीन-तीन मिनिटांच्या. मधे अर्धा मिनिट विसावा. खाली पाडून ताबा घेतला की दोन गुण. पाठ मॅटकडं वळवली की दोन. उचलून मोठा डाव टाकला तर चार, कधी पाचसुद्धा. वर्तुळाबाहेर ढकललं की एक. दहा गुणांची आघाडी झाली की तिथंच कुस्ती संपली. आणि दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले की चितपट, मग आधीचे गुण कितीही असोत.

"आणि गुण सारखे झाले तर?" आमच्यातल्या एकीनं विचारलं.

"मग मोठा डाव कुणी मारला ते बघत्यात. तेबी सारखं असलं तर ताकीद कुणाला कमी मिळालीय ते. आणि तेबी सारखं असलं तर शेवटचा गुण ज्याचा, त्याची कुस्ती."

आमच्यातली दुसरी लगेच म्हणाली, "म्हणजे आमच्या घरासारखंच. शेवटचा शब्द ज्याचा, त्याचं भांडण." आजोबा फेटा सावरत हसले.

अंतिम लढत होती सांगलीची प्रतीक्षा बागडी आणि कल्याणची वैष्णवी पाटील यांच्यात. प्रतीक्षा आमच्या मिरज तालुक्यातल्या तुंगची, वडील पोलिसात आणि स्वतः कुस्ती केलेले. वैष्णवी तिकडची, कल्याणच्या बाजूची. दोघी एकमेकींच्या मैत्रिणी, हे मला दुसऱ्या दिवशी पेपरातून कळलं. त्या वेळी दिसत होत्या त्या एकमेकींच्या मनगटांना झोंबणाऱ्या, कपाळाला कपाळ लावून ढकलणाऱ्या दोन ताकदवान मुली. मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते, की एक मुलगी पूर्ण जोर लावतेय आणि कुणी तिला "जरा हळू" म्हणत नाहीये. गुणफलकाकडे बघायचं मला सुचलंच नाही. माझी नजर त्यांच्या पायांवर होती. एकीचा पाय दुसरीच्या हातात सापडतोय, सुटतोय, परत सापडतोय. एकदा वाटायचं ही गेली, एकदा वाटायचं ती गेली. शेवटी आमच्या प्रतीक्षानं बाजी मारली आणि चांदीची गदा खांद्यावर घेतली, तेव्हा आम्ही सगळ्या उभ्या राहून ओरडत होतो. माझा घसा दोन दिवस बसला होता.

पण त्या गर्दीत मी मधेच वैष्णवीला शोधत होते. ती मला दिसली नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मोठा फोटो प्रतीक्षाचा, तो असायलाच हवा. पण मनात येऊन गेलं, त्या पोरीच्या घरी आज काय बोलत असतील?

सतरंजीची घडी हातात धरून उभ्या असलेल्या त्या आईकडं बघताना मला तोच प्रश्न पुन्हा आठवला.

मी म्हटलं, "उद्या येते मी घरी." समजावणार काय होते, ते माझं मलाच कळलेलं नव्हतं.

आता थोडं इतिहासातलं सांगते, कारण त्या रात्री मी तेच आठवत बसले होते. आपल्याकडं कुस्ती हरलेल्या पोराला काय म्हणतात? शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं, कराडजवळच्या गोळेश्वरचं उदाहरण घ्या. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनच्या ऑलिम्पिकला गेले आणि सहावे आले. पदक नाही. गावानं काय केलं? "बास झालं" म्हटलं? चार वर्षांनी परत पैसे गोळा केले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आणि १९५२ ला हेलसिंकीहून खाशाबा ब्राँझपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. बैलगाड्यांची केवढी मोठी मिरवणूक निघाली ते आपण शाळेत शिकलोच आहोत. पण त्या मिरवणुकीच्या आधी एक हार होती आणि ती हार पोटात घालणारं एक गाव होतं, हे शाळेत कुणी शिकवलं नाही.

आता त्याच काळातली बाई बघा. हमीदा बानू. मूळची उत्तर प्रदेशातली, १९४०-५० च्या दशकांत पुरुषांशी कुस्ती लढायची, कारण लढायला बायका होत्याच कुठं? १९५४ मध्ये तिनं जाहीर केलं होतं, जो मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन. त्याच वर्षी बडोद्याला बाबा पहिलवानाला तिनं १ मिनिट ३४ सेकंदांत हरवलं. मुंबईत व्हेरा चिस्टिलिन नावाच्या रशियन बाईला एका मिनिटाच्या आत. पण आपल्याकडं तिचं काय झालं? पुण्यात रामचंद्र साळुंखेंबरोबरची तिची कुस्ती स्थानिक कुस्तीवाल्यांच्या विरोधामुळं रद्द करावी लागली. कोल्हापुरात तिनं सोमासिंग पंजाबीला हरवलं, तर लोकांनी हुर्यो केली, दगड मारले, पोलीस बोलवावे लागले. एक बाई पुरुषाला खरंच हरवू शकते यावर विश्वासच नाही, म्हणजे ही नुरा कुस्ती, आधी ठरवलेली! तिनं मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडं तक्रार केली, तर उत्तर आलं, की तुम्ही बाई आहात म्हणून बंदी नाही. समोर खोटे पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून आहे. पुढं ती कल्याणला राहिली, दूध विकून गुजराण केली.

मला यात सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की हमीदाला हरायचीसुद्धा सोय नव्हती. जिंकली तर नुरा. हरली असती तर "बघा, बाईनं कशाला हे धंदे करावेत" आणि वर लग्न. आपली बरोबरीची जोड असावी, तिच्याशी घासून लढावं, एखाद्या गुणानं हरावं आणि पुढच्या महिन्यात परत उतरावं, हे साधं सुख तिच्या वाट्याला आलं नाही. २०२३ ला सांगलीत मी जे बघितलं, त्यातलं खरं मोठं काय होतं ते मला त्या रात्री उमगलं. गदा मोठी होतीच. पण हरणारी मुलगी तेवढ्याच तोडीची होती, आणि ती हरली म्हणून कुणी दगड मारले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन. आजी कॉटवर बसून वाती वळत होत्या. त्यांचे मालक कॉटन मिलमध्ये होते, त्यामुळं बोलणं रोखठोक. मला बघताच म्हणाल्या, "आलीस का गं समजवायला? बरं झालं. पोरीची जात, मोडलं-बिडलं काय तर कोण निस्तरनार?"

मुलगी आत अभ्यास करत होती. बाहेर आली, नमस्कार केला. केस बारीक कापलेले, डाव्या भुवईवर जुना व्रण. मी आपली नेहमीची सुरुवात केली. दहावीचं वर्ष, टक्केवारी, पुढं काय करायचं वगैरे. ती शांतपणे ऐकत होती. मग मी विचारलं, "जिल्ह्याला काय झालं गं नक्की?"

तेवढ्यानं मुलगी बदलली. उठून उभी राहिली आणि मला दाखवायलाच लागली. "काकू, चार-दोन होतं. मी पुढं होते. सात सेकंद राहिले होते. वस्ताद ओरडत होते, लांब राहा, लांब राहा. मी मागं मागं सरकत होते. आणि मागं सरकताना माझे दोन्ही पाय एका रेषेत आले. हे असे. तिनं बरोबर तेवढ्यात खाली घुसून दुहेरी पट काढला. दोन गुण. चार-चार. शेवटचा गुण तिचा."

"मग?"

"मग काय, बरोबर हरले. मी आघाडी सांभाळायला गेले, ती कुस्ती करायला आली."

वडील तेवढ्यात कामावरून आले होते. दारात चप्पल काढता काढता ऐकत होते. काही बोलले नाहीत, हातपाय धुवायला गेले.

मी पर्समधून मोबाइल काढला. माझ्या मनात एक कुस्ती दाखवायची होती, ती तिनं हजारदा बघितलेली असणार हे माहीत असूनही. रिओ ऑलिम्पिक, २०१६. साक्षी मलिकची ब्राँझपदकाची लढत. त्या वर्षी राखी पौर्णिमेला पहाटे ती बातमी आली होती. भावाची वाट बघत सकाळी टीव्हीपुढं बसून मी ती लढत चार वेळा बघितली होती.

मुलीच्या आईला बोलावलं, आजींना म्हटलं तुम्हीपण बघा. आजींनी वातींचं ताट बाजूला ठेवलं, चष्मा लावला.

ज्यांना ही लढत आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. साक्षी त्याच दिवशी आधी उपांत्यपूर्व फेरीत रशियाच्या कुस्तीगीराकडून हरलेली होती. कुस्तीत नियम असा, की जिनं तुम्हाला हरवलं ती अंतिम फेरीत पोचली, तर तुम्हाला ब्राँझसाठी आणखी एक वाट मिळते. म्हणजे आपल्याला हरवणारी जिंकत राहावी अशी प्रार्थना करत बसायचं. ती रशियन अंतिम फेरीत गेली, साक्षीला वाट मिळाली, मंगोलियाच्या मुलीला हरवून ती ब्राँझच्या लढतीत आली. समोर किर्गिझस्तानची आयसुलू तिनिबेकोवा. पहिली फेरी संपली तेव्हा गुण पाच-शून्य. साक्षीच्या बाजूला शून्य.

आजी म्हणाल्या, "ही आपली का? आपली तर हरायला लागलीय की."

"बघा तर खरं."

दुसऱ्या फेरीत साक्षी दोन गुण घेते, परत घेते, पाच-पाच होतात. आणि अगदी शेवटच्या सेकंदांत ती समोरचीला पाडते. समोरच्या बाजूनं निर्णयाला आव्हान दिलं, ते फेटाळलं गेलं, त्याचाही एक गुण साक्षीला. आठ-पाच. बायकांच्या कुस्तीतलं भारताचं पहिलं ऑलिम्पिक पदक.

आजींनी कपाळाला हात लावून मोबाइललाच नमस्कार केला. मुलीच्या आईच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, झालं आपलं काम. आता एक छोटंसं भाषण करायचं, की बघा, शेवटच्या क्षणापर्यंत हार मानू नये, साक्षीसारखं व्हावं.

मुलगी म्हणाली, "काकू, सगळे मला हीच दाखवतात. मी आयसुलूला बघते."

"तिला का गं? ती तर हरली."

"हो ना. माझ्यासारखंच झालं तिचं. पाच-शून्य पुढं होती. शेवटच्या सेकंदांत गेलं. मग तिनं काय केलं माहितेय?" आणि तिनं बोटांवर मोजलं. २०१९ ला आयसुलू जगज्जेती. २०२१ ला परत जगज्जेती. त्याच २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये रौप्य. २०२३ ला पुन्हा जगज्जेती. २०२४ ला पॅरिसला ब्राँझ. "त्या हरण्यानंतर सगळं आहे हे. त्याच्या आधी ऑलिम्पिकचं काहीच नव्हतं."

मी गप्प झाले. इतकी वर्षं ती लढत बघून मी एकदाही समोरच्या मुलीचं पुढं काय झालं ते विचारलं नव्हतं. सांगलीला वैष्णवीला गर्दीत शोधणारी मी, रिओच्या बाबतीत मात्र टीव्ही बंद करून राखीच्या तयारीला लागले होते.

आणि वैष्णवीचं पुढं काय झालं तेही त्या मुलीनंच मला सांगितलं. तिनं कुस्ती सोडली नाही. २०२५ मध्ये क्रोएशियात झाग्रेबला जागतिक स्पर्धा झाली, तिच्यासाठी ६५ किलो गटात भारताच्या संघात तिची निवड झाली. महाराष्ट्र केसरीची पहिली गदा हुकलेली मुलगी दोन वर्षांत भारताच्या संघात.

आता कुणाला वाटेल की इथं वडिलांचं मन पालटलं आणि सगळं गोड झालं. तसं काही झालं नाही. वडील टॉवेलनं हात पुसत येऊन बसले आणि त्यांनी जे विचारलं, त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

"वहिनी, हे सगळं खरं. पण त्याच साक्षीनं टीव्हीवर बूट काढून टेबलावर ठेवले ते बघितलं का तुम्ही?"

बघितलं होतं. डिसेंबर २०२३. त्या वर्षी जानेवारीत आणि नंतर एप्रिलपासून साक्षी, विनेश आणि बाकीच्यांनी दिल्लीला जंतरमंतरवर धरणं धरलं होतं. कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप होते. महासंघाच्या निवडणुकीत त्या अध्यक्षांच्याच जवळचा माणूस निवडून आला, त्या दिवशी साक्षीनं बूट टेबलावर ठेवले आणि कुस्ती सोडली. ऑलिम्पिक पदक आणणाऱ्या मुलीची ही गत.

"हरली म्हणून थांबवतोय असं पोरीला वाटतंय," ते म्हणाले. "मला हार-जितीचं काय नाही. मी पण दोन वर्षं लाल माती अंगाला लावलीय. पण उद्या ही पुढं गेली, शिबिराला गेली, परगावी राहिली, तर हिच्याबरोबर कोण? मी मागावर उभा असतो बारा तास. सोडून कुठं जाऊ?"

आई एकदम म्हणाली, "असं होतं तर मला का न्हाई बोललात? मला म्हणाला दहावीचं बघू दे."

"दहावीचं पण आहेच की."

आमच्याकडं पुरुष भीतीला दहावी म्हणतात आणि बायका स्थळ म्हणतात. भीती मात्र दोघांची एकच असते. आणि ती खोटी नसते, हे बचत गट चालवताना मी पुरतं बघितलेलं आहे. म्हणून मी त्यांना "काही होत नाही हो" असं म्हटलं नाही. काही होत नाही असं म्हणणारेच नंतर "आम्हाला काय माहीत" म्हणतात. मी एवढंच विचारलं, की सरावाच्या ठिकाणी मुली किती आहेत, त्यांच्याबरोबर कुणी बाईमाणूस असतं का, स्पर्धेला जाताना मुक्काम कुठं असतो. यातलं निम्मं वडिलांनी कधी वस्तादांना विचारलंच नव्हतं. विचारलं तर वस्तादांना राग येईल असं त्यांना वाटत होतं.

"रागावले तर रागावले," आजी म्हणाल्या. घरात सगळ्यात आधी कुस्ती बंद करायला निघालेल्या आजी! "आमच्या वेळी नवऱ्याला पगार विचारायची चोरी होती. तुम्ही वस्तादाला विचारायला घाबरताय व्हय? मी येते चल. मला विचारू दे."

पुढच्या रविवारी आम्ही खरंच गेलो. आजी, मुलीची आई, मी. तालमीच्या उंबऱ्याशी आजी क्षणभर थांबल्या. आत मारुतीराया होता. त्यांनी बाहेरूनच हात जोडले, मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उंबरा ओलांडला. वस्ताद रागावले नाहीत. उलट खुर्ची पुसून दिली. तिथं नऊ मुली सराव करतात. बरोबर बाई कुणी नसते, हे त्यांनी कबूल केलं. एकेका मुलीच्या आईनं पाळीपाळीनं स्पर्धेला यायचं असं ठरलं. येण्याजाण्याच्या खर्चाचा प्रश्न निघाला. तो अजूनही निघतोच आहे, त्याचं पूर्ण उत्तर मिळालेलं नाही. वडील म्हणाले, या एका हंगामापुरतं. मुलीनं त्यालाही हो म्हटलं.

निघताना आजी मॅटच्या कडेला बसून दोन मुलींची झटापट बघत होत्या. एकीचा पाय दुसरीच्या हातात सापडला तशा ओरडल्या, "अगं पाय सोडीव की, पाय!" वस्ताद माझ्याकडं बघून हसले.

या महिन्याच्या बैठकीत तिनं कर्ज मागितलं, बावीसशे रुपये. आमच्या वहीत कर्जाचं कारण लिहायचा एक रकाना असतो. आजवर त्यात दवाखाना, शाळेची फी, शिलाई मशीन, गौरी-गणपती असंच काय काय लिहिलेलं आहे. सचिवबाईंनी पेन उघडून विचारलं, "काय लिहू?"

ती म्हणाली, "लिहा, पोरीचे कुस्तीचे बूट. जुने तिला बसत न्हाईत आता."